आधी हाताला लागलेली गाठ

दर ऑक्टोबरात स्तनाच्या कर्करोगावरचा आपला वाद त्याच त्या जागी येऊन अडतो. एका बाजूला गुलाबी फिती, 'चाळिशी ओलांडली? मॅमोग्राफी केलीत का?' असे फलक (मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे), तिशीपासूनच्या बायकांसाठी सवलतीतली तपासणी-पॅकेजं आणि 'प्रत्येक तालुक्याला मॅमोग्राफीची फिरती गाडी द्या' ही मागणी. दुसऱ्या बाजूला मोबाइलवर फिरणारे इशारे: मॅमोग्राफीच्या किरणांनीच कॅन्सर होतो, मशीनमध्ये दाबल्याने तो पसरतो, हा सगळा हॉस्पिटलांचा धंदा आहे. पहिली बाजू दुसरीला अडाणी ठरवते, दुसरी पहिलीला विकली गेलेली. या भांडणात एक बाई कुठेच नसते. जिला आंघोळ करताना काखेजवळ गाठ लागली आहे, दुखत नाही म्हणून तिने ती चार महिने अंगावर काढली आहे आणि आता कुणाला सांगावं, कुठे जावं हे तिला कळत नाही, ती बाई.

माझी भूमिका आधीच सांगते. मॅमोग्राफी ही उपयोगी तपासणी आहे. पन्नाशीपुढच्या बाईला ती परवडत असेल, मिळत असेल, तर तिने ती समजून घेऊन करावी. तिच्याविषयी पसरवली जाणारी भीती खोटी आहे. पण महाराष्ट्रात आज स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी करायचे असतील, तर सरकारी तिजोरीतल्या पहिल्या रुपयावर हक्क गाठ लागलेल्या बाईचा आहे. तिची सोनोग्राफी, सुईची तपासणी, रिपोर्ट, ऑपरेशन, केमो हे सगळं वेळेत होण्याची सोय केल्याशिवाय काहीच त्रास नसलेल्या लाखो बायकांना मशीनसमोर उभं करणं म्हणजे उलट्या टोकाकडून सुरुवात करणं.

या वादातला निम्मा गोंधळ दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्यामुळे होतो. बाईला गाठ नाही, स्राव नाही, कसलीच तक्रार नाही, तरी ठरावीक वयानंतर ठरावीक अंतराने तिला तपासायचं, याला स्क्रीनिंग म्हणतात. गाठ लागली आहे, स्तनाग्र आत ओढलं गेलं आहे, त्यातून रक्त येतंय, कातडीला खळी पडली आहे, म्हणून जी तपासणी होते ती निदानाची. मशीन तेच असतं, फिल्म तशीच निघते, पण प्रश्न पूर्ण वेगळा. स्क्रीनिंगमध्ये फायद्या-तोट्याचा हिशेब मांडावाच लागतो, कारण तपासल्या जाणाऱ्या हजारातल्या बहुतेक सगळ्यांना तो आजार नसतो. निदानात असा हिशेब करत बसायला जागाच नाही. तिथे उशीर हाच शत्रू. म्हणून 'मॅमोग्राफीचे तोटे' वाचून गाठ असलेली बाई घरी बसली, तर तो लेख लिहिणाऱ्याने तिचं नुकसान केलं. आणि हाताला गाठ लागत असताना 'मॅमोग्राफी नॉर्मल आहे, जा घरी' असं कुणी सांगितलं, तर त्यानेही केलं. मॅमोग्राफीत न दिसणारे कॅन्सर असतात. गाठ असेल तर जाणत्या डॉक्टरने हाताने तपासायला हवं, वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी किंवा दोन्ही करायला हवं, आणि शंका उरली तर सुईने तुकडा काढून पाहायला हवा. या तिन्हींचं उत्तर एकमेकांशी जुळेपर्यंत गाठीचा विषय संपत नाही.

आता मॅमोग्राफीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. तिच्यामागे साठ वर्षांचे प्रयोग आहेत. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे ६२ हजार बायकांवर पहिला मोठा प्रयोग सुरू झाला. स्वीडनच्या दोन परगण्यांत १९७७ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला: तपासणीला बोलावलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. कॅनडात १९८० साली सुरू झालेल्या प्रयोगात मात्र पंचवीस वर्षांनीही असा फरक दिसला नाही, आणि त्या प्रयोगाच्या पद्धतीवरून तज्ज्ञांमध्ये अजून भांडणं आहेत. ब्रिटनने हा तिढा सोडवण्यासाठी मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१२ साली तिने सांगितलं की मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी कमी होतात. पण समिती टक्क्यांवर थांबली नाही, तिने माणसं मोजली. पन्नाशीला आलेल्या दहा हजार बायकांना पुढची वीस वर्षं नियमित तपासणीला बोलावलं, तर त्यातल्या ४३ जणींचा या आजाराने होणारा मृत्यू टळतो. आणि १२९ जणींना असा कॅन्सर सापडतो, जो त्यांना हयातीत कधीही त्रास देणार नव्हता. ही मोजणी ब्रिटिश बायकांना पत्रकातून कळवली जाते. आपल्याकडच्या कुठल्या शिबिराच्या फलकावर यातला दुसरा आकडा वाचलाय कुणी?

कॅन्सर आणि त्रास न देणारा, हे पटायला जड जातं. आपल्या मनात कॅन्सर म्हणजे एकदा सुरू झाला की थांबत नाही. दक्षिण कोरियात काय झालं ते पाहिलं की ही समजूत ढिली होते. तिथे १९९९ नंतर राष्ट्रीय कॅन्सर तपासणी सुरू झाली. थायरॉइडची तपासणी त्या यादीत नव्हती, पण दवाखान्यांनी थोडे जास्त पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफीही करायला सुरुवात केली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरच्या नव्या रुग्णांचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं. हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, त्यांना आयुष्यभराच्या गोळ्या लागल्या. त्या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. तोच देश, तेच डॉक्टर, फक्त शोधायला गेले म्हणून सापडलं. थोडे पैसे वाढवून पॅकेजमध्ये आणखी एक तपासणी घालण्याचा हा प्रकार आपल्याला ओळखीचा वाटत नाही का?

पण इथे संशयवाद्यांनाही थांबवायला हवं. स्तन म्हणजे थायरॉइड नव्हे; स्तनात सापडणारे बरेच कॅन्सर खरोखर जीव घेतात. १२९ हा आकडा खरा धरायचा तर ४३ हाही धरावा लागतो, आणि ४३ बायका म्हणजे ४३ घरं. किरणांची भीती तर हिशेबात कुठेच टिकत नाही. एका मॅमोग्राफीत शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग सुमारे ०.४ मिलिसिव्हर्ट असतो. माती, दगड, हवा, आकाश यांतून आपल्या सगळ्यांना साधारण दोन महिन्यांत तेवढा मिळतोच. मशीनमध्ये काही सेकंद दाबलं जाण्याने कॅन्सर होत नाही. आणि 'सुई लावली की कॅन्सर उधळतो' ही गावोगाव ऐकू येणारी समजूत तर आजवर सगळ्यांत महाग पडली आहे, कारण तिच्यापायी गाठ असलेली बाई सुईच्या तपासणीपासून पळते, वर्षभर लेप लावते आणि जखम फुटल्यावर परत येते. सुईच्या तपासणीशिवाय हा कॅन्सर आहे की नाही, हार्मोनवर वाढणारा आहे की नाही, कोणतं औषध चालेल, यातलं काहीही कळत नाही.

यानंतर येतो तो आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद: भारतीय बायकांना हा कॅन्सर दहा वर्षं लवकर होतो, म्हणून इथे मॅमोग्राफी तिशी-पस्तिशीपासूनच करावी. पहिलं वाक्य अर्धवट खरं आहे, आणि दुसरं त्यातून निघत नाही. आपल्याकडच्या रुग्णांचं सरासरी वय पाश्चात्य रुग्णांपेक्षा कमी दिसतं, याचं मोठं कारण असं की आपली लोकसंख्याच तरुण आहे. पस्तिशीच्या बायका खूप, सत्तरीच्या कमी. म्हणून रुग्णांतही तरुण जास्त दिसतात. पस्तिशीच्या एका मराठी बाईला हा आजार होण्याची शक्यता पस्तिशीच्या अमेरिकन बाईपेक्षा जास्त आहे, असा याचा अर्थ होत नाही. एकूण प्रमाण पाहा: वयाचा फरक काढून टाकला तर भारतात वर्षाला लाख बायकांमागे साधारण २६ नव्या रुग्ण, अमेरिकेत ९० हून अधिक. अमेरिकेतसुद्धा एका फेरीत हजार बायकांची मॅमोग्राफी केली की सुमारे शंभरजणींना 'काहीतरी दिसतंय, परत या' असं सांगितलं जातं आणि त्यातल्या पाचेक जणींना कॅन्सर निघतो. जिथे मुळात आजारच तिपटीहून कमी आहे, तिथे त्या शंभरातल्या किती जणी उगाच घाबरतील, किती जणींच्या सोनोग्राफ्या आणि सुया उगाच होतील? आणि तिशीत तर यंत्राचीच मर्यादा आड येते. तरुण स्तनात ग्रंथींचा भाग दाट असतो. फिल्मवर चरबी काळी दिसते, ग्रंथी पांढऱ्या, आणि कॅन्सरची गाठही पांढरीच. ज्या वयासाठी पॅकेज सर्वांत जोरात विकलं जातं, त्याच वयात ही तपासणी सर्वांत आंधळी असते.

चाळिशीचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि तो अवघड आहे हे कबूल करायला हवं. ब्रिटनमध्ये एक लाख साठ हजार बायकांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२० साली आला. चाळिशीपासून दर वर्षी मॅमोग्राफी केल्यास पहिल्या दहा वर्षांत मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात, म्हणजे साधारण साडेअकराशे बायका चाळिशीभर तपासल्या की एक मृत्यू टळतो. अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञमंडळाने २००९ मध्ये सरसकट तपासणी पन्नाशीपासून करा असं सांगितलं तेव्हा तिथे गदारोळ झाला होता. २०२४ मध्ये त्याच मंडळाने ते वय पुन्हा चाळीसवर आणलं, दर दोन वर्षांनी. ब्रिटन अजूनही पन्नास ते सत्तर या वयात दर तीन वर्षांनी बोलावतो. तोच पुरावा वाचून दोन श्रीमंत देश दोन निर्णय घेतात, कारण प्रश्न शेवटी किती फायद्यासाठी किती त्रास आणि किती खर्च पत्करायचा हा असतो. आपणही आपला निर्णय आपल्या परिस्थितीवरूनच घ्यायला हवा.

आपली परिस्थिती काय आहे? २०२२ साठीच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षभरात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार जणी त्याने गेल्या. दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू. अमेरिकेत सहा-साडेसहा नव्या रुग्णांमागे एक. त्यांच्या आकड्यात निरुपद्रवी कॅन्सरांची भर आहे हे धरूनही ही दरी भरत नाही. मॅमोग्राफीच्या प्रचारात हा फरक सरळ तपासणीच्या खात्यावर जमा केला जातो. प्रत्यक्षात अमेरिकेत १९७५ ते २०१९ या काळात मृत्युदर ५८ टक्क्यांनी उतरला, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या गणिती अभ्यासानुसार या घसरणीतला सुमारे चौथा हिस्सा स्क्रीनिंगचा, उरलेला तीन-चतुर्थांश उपचारांचा होता. चांगलं ऑपरेशन, केमो, हार्मोनच्या गोळ्या, नवी औषधं. चौथा हिस्सा लहान नाही. पण उरलेले तीन हिस्से ज्याने मिळतात ते सोडून आपण आधी त्या एकामागे का धावायचं?

'पण गाठ हाताला लागली म्हणजे उशीरच झाला ना?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो प्रामाणिक आहे. लवकर म्हणजे किती लवकर, हे सेंटिमीटरमध्ये बोललं पाहिजे. मॅमोग्राफीला अर्धा सेंटिमीटरची गाठ दिसू शकते. सरावलेल्या हाताला दीड-दोन सेंटिमीटरची लागते. दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ, काखेत पसरलेली नसेल तर, पहिल्या टप्प्यातच मोजली जाते आणि तिच्यावर उत्तम उपचार आहेत. आपल्या बायका मरतात त्या अर्ध्याच्या दोन झाल्यामुळे कमी, आणि दोनाच्या सात होईपर्यंत कुणी हात न लावल्यामुळे जास्त. मुंबईतल्या ज्या प्रयोगाविषयी पुढे लिहिते आहे, त्यात ज्या गटाची तपासणी झाली नाही, त्यातल्या ४७ टक्के रुग्ण तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात पोहोचल्यावर सापडल्या. मुंबईत. टाटा हॉस्पिटलच्या शहरात.

तो प्रयोग आपल्या वादात क्वचितच येतो, याचं मला फार वाईट वाटतं. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या गरीब वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांवर तो सुरू केला. मशीन नाही. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, हाताने तपासायचं. संशय आला तर रुग्णालयात पाठवायचं. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या रुग्णांचं प्रमाण ४७ वरून ३७ टक्क्यांवर आलं. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांत या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. या प्रयोगाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सगळ्या वयांचा एकत्र हिशेब केला तर घट १५ टक्के होती आणि ती योगायोगाचीही असू शकते. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. वयानुसारचं विश्लेषण नंतर केलेलं आहे. शिवाय ज्या गटाला फक्त माहिती दिली, तपासणी दिली नाही, त्या बायकांवर अन्याय झाला असा गंभीर आक्षेप टाटाच्या अशा प्रयोगांवर घेतला गेला. तो आक्षेप मला दुर्लक्ष करण्याजोगा वाटत नाही. म्हणूनच तर हे ज्ञान, जे वस्तीतल्या बायकांनी आपल्या आयुष्याची किंमत देऊन आपल्याला दिलं, ते कपाटात ठेवून परदेशी फलकांची नक्कल करणं मला अधिकच चुकीचं वाटतं.

यावरचा सर्वांत बोचरा आक्षेप असा: म्हणजे श्रीमंतांच्या बायकांना मशीन आणि गरिबांच्या बायकांना हात? हा समतेचा प्रश्न आहे आणि तो टाळता येणार नाही. पण खरी विषमता कुठे आहे ते नीट पाहू. पुण्याच्या कोथरूडमधल्या बाईला गाठ लागली तर आठवड्याभरात तिची सोनोग्राफी होते, सुई होते, रिपोर्ट हातात येतो, ऑपरेशनची तारीख ठरते. मेळघाटातल्या किंवा जतच्या बाईला पहिल्या डॉक्टरपासून रिपोर्टपर्यंत पोहोचायला मजुरीचे किती दिवस बुडवावे लागतात? सुईचा नमुना कुठे जातो, रिपोर्ट कधी येतो, तो घ्यायला पुन्हा कोण जातं? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, ही मोठी गोष्ट आहे. पण योजनेपर्यंत पोहोचण्याआधीची धावपळ, एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज तिच्या पदरातूनच जातो. गावात दिवसभर थांबून निघून गेलेली मॅमोग्राफीची गाडी या बाईच्या हातात एक फिल्म आणि 'पुढील तपासणी आवश्यक' एवढं वाक्य ठेवून जाते. समतेची मागणी करायची तर रिपोर्ट आणि उपचार यांच्या वेळेत समता मागू या. जागतिक आरोग्य संघटनेनेच १९६८ साली विल्सन आणि युंग्नर यांच्या अहवालात सांगितलं होतं की निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी असल्याशिवाय स्क्रीनिंग सुरू करू नये.

आपल्याच देशात हा वाद एकदा होऊन गेला आहे, दुसऱ्या आजारावरून. १९५० च्या दशकात क्षयरोग शोधण्याचा आधुनिक मार्ग म्हणजे गावोगाव एक्स-रेच्या गाड्या फिरवणं, असं मानलं जात होतं. युरोपात तसंच चाललं होतं. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतले डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन साधा प्रश्न विचारला: ज्यांना क्षय आहे, त्यांना काही होतंय हे माहीत आहे का, आणि त्यांनी काय केलं? १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेलं उत्तर सुन्न करणारं होतं. बहुतेकांना त्रास जाणवत होता. जवळपास निम्मे जण आपणहून सरकारी दवाखान्यात गेलेही होते. तिथे त्यांना खोकल्याचं औषध देऊन घरी पाठवलं होतं. रुग्ण शोधायला गाडी कशाला हवी होती? तो दाराशी येऊन परत गेला होता. १९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच समजुतीवर उभा राहिला: खोकला घेऊन येणाऱ्याची थुंकी जवळच्या दवाखान्यात तपासा. १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सरसकट एक्स-रे मोहिमा सोडून द्यायला सांगितलं. त्या कार्यक्रमाला पुढे पैसा आणि माणसं कमी पडली, ती गोष्ट वेगळी आणि दुःखाची आहे. पण विचाराची दिशा बरोबर होती, आणि ती आपली होती.

स्तनाच्या गाठीबाबत आज आपण तुमकूरच्या दारात उभे आहोत. आशाताई घरोघर जाऊन तीस वर्षांवरील माणसांचा 'सीबॅक' फॉर्म, म्हणजे आजारांच्या धोक्याची प्रश्नावली, भरतात. त्यात बायकांसाठी स्पष्ट प्रश्न आहेत: स्तनात गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येतो का, आकारात बदल झालाय का. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित नर्स किंवा सेविकेने हाताने तपासणी करायची आहे. कागदावर सगळं आहे. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात एकदा तरी स्तनाची तपासणी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांचं प्रमाण निघालं ०.९ टक्के. हजारात नऊ. फॉर्मवर 'हो' लिहिलं गेल्यानंतर त्या बाईचं पुढे काय झालं, हा आकडा तर कुणी मागतही नाही. आशाताईवर आणखी एक काम लादून हे सुटणार नाही. तिने 'हो' लिहिल्यावर बाईला पाठवायचं कुठे, कोणत्या वारी, तिथे कोण तपासणार, हे ठरलेलं हवं.

ग्रामीण बायका तपासणीला येतच नाहीत, लाजतात, असं सांगणाऱ्यांनी बार्शीकडे पाहावं. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला केंद्र करून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा प्रयोग झाला. ज्या गटाला एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी दिली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. २००९ साली हा निष्कर्ष जगभर गाजला. मराठवाड्याच्या खेड्यांतून बायका आल्या, कारण सापडलं तर पुढे उपचार होता आणि तो करणारं रुग्णालय त्यांच्या ओळखीचं होतं. त्या तपासणीत कॅन्सर होण्याआधीचा बदलच सापडतो, त्यामुळे तिची स्तनाच्या तपासणीशी सरळ तुलना करता येत नाही. पण बाई येते की नाही याचं उत्तर मात्र तिथे मिळालेलं आहे.

मग स्वतःच्या हाताने दर महिन्याला तपासा, असं जे सगळीकडे शिकवतात त्याचं काय? शांघायमध्ये २ लाख ६६ हजार कापडगिरणी कामगार स्त्रियांवर हाही प्रयोग झाला आणि २००२ मध्ये उत्तर आलं: मृत्यू कमी झाले नाहीत, अनावश्यक बायोप्सी वाढल्या. महिन्याच्या ठरावीक दिवशी धास्तीने चाचपत बसण्याची गरज नाही. आपलं शरीर ओळखीचं असावं, काही नवं जाणवलं तर बोलायला संकोच वाटू नये, एवढं पुरे. घरातल्या पुरुषांनाही हे सांगायला हवं, कारण पुष्कळ घरांत तालुक्याला जायचं की नाही हे तेच ठरवतात.

ज्या मैत्रिणी मला 'मी काय करू' असं विचारतात, त्यांना मी असं सांगते. पन्नाशी ओलांडली असेल, तर चांगल्या ठिकाणी, अनुभवी रेडिओलॉजिस्टकडे, दोन-तीन वर्षांनी मॅमोग्राफी करा. त्यातून काय मिळेल आणि काय गमावू शकता हे आधी विचारा. चाळिशीत असाल तर डॉक्टरशी बोलून आपला निर्णय आपण घ्या. 'हो' आणि 'नाही' दोन्ही शहाणपणाची उत्तरं असू शकतात. आई, बहीण, मावशी यांना तरुणपणी स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल तर तुमचा हिशेब वेगळा आहे. जनुकीय तपासणी, एमआरआय यांविषयी तज्ज्ञाला भेटा आणि वर दिलेले सगळे सरासरी आकडे विसरा. तिशीत असाल आणि काही तक्रार नसेल तर पॅकेजमधली मॅमोग्राफी करू नका. रिपोर्टवर 'बायरॅड्स ३' (म्हणजे बहुधा निरुपद्रवी, पण लक्ष ठेवायला हवं) लिहिलं असेल तर घाबरू नका, पण सहा महिन्यांनी सांगितलेली तपासणी चुकवू नका. आणि गाठ असेल तर यातलं काहीच वाचत बसू नका, या आठवड्यात डॉक्टर गाठा. वय लहान आहे, अंगावर पाजते आहे, गाठ दुखत नाही, यातल्या एकाही कारणाने परत पाठवलं तर दुसरा डॉक्टर गाठा. दुधाची गाठ म्हणून महिनोनमहिने थांबलेल्या तरुण आया हा आपल्याकडचा सर्वांत टाळता येण्याजोगा उशीर आहे, आणि तो बहुतेक वेळा बाईने केलेला नसतो.

सरकारकडे मागायचं ते याहून सोपं आणि मोजता येण्याजोगं आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला दिवस गाठीच्या ओपीडीचा असावा, जिथे हाताची तपासणी, सोनोग्राफी आणि सुई त्याच दिवशी होईल. नमुना बाईच्या नातेवाइकाने पिशवीतून नेऊ नये, तो यंत्रणेने न्यावा, आणि कोणतं औषध चालेल हे सांगणाऱ्या हार्मोन व हर-टूच्या तपासणीसह रिपोर्ट तिच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात यावा. उपकेंद्रातल्या परिचारिकांना हाताने तपासण्याचं खरं प्रशिक्षण मिळावं, दुपारच्या सत्रात उरकलेलं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तीन कसोट्या ठेवल्या आहेत: किमान ६० टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडाव्यात, पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावं, ८० टक्क्यांचे उपचार पूर्ण व्हावेत. आपल्या आरोग्य खात्याने हे तीन आकडे जिल्हावार दर वर्षी जाहीर करावेत. ज्या जिल्ह्यात ते जमतील, तिथल्या पन्नाशीपुढच्या बायकांसाठी मॅमोग्राफीच्या गाडीची मागणी करायला मी सगळ्यांच्या पुढे असेन.